परदेशी पदवीला चाळणी, देशी पदवीला पायघड्या

वर्षातून दोनदा एक बातमी ठरल्यासारखी छापून येते. परदेशातून डॉक्टर होऊन आलेले बहुसंख्य विद्यार्थी परीक्षेत नापास. जून 2023 मध्ये जेमतेम 10 टक्के पास झाले, जून 2024 मध्ये 21 टक्क्यांच्या आसपास, त्याच वर्षी डिसेंबरात 29 टक्क्यांच्या आसपास. बातमी वाचून उमटणारे शेरेही ठरलेले असतात. नीटला मार्क पडले नाहीत, बापाकडे पैसा होता, गेला किर्गिझस्तानला. बरं झालं, ही परीक्षा तरी आहे, नाहीतर असल्यांच्या हातात आपला जीव गेला असता.

परीक्षा असावी हे मलाही मान्य आहे. ती कडक असावी, हेसुद्धा. माझं भांडण एवढंच आहे की जिच्यावर आपण इतके खूश आहोत ती परीक्षा आपण फक्त दुसऱ्यांच्या पोरांसाठी राखून ठेवली आहे.

एफएमजीई म्हणून ओळखली जाणारी ही चाळणी परीक्षा 2002 साली सुरू झाली. परदेशात एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला इथे व्यवसाय करायचा तर ही परीक्षा पास व्हावीच लागते. दोन भागांत मिळून 300 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, 150 मिळाले की पास. किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली आणि ते योग्यच झालं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदवी आणि पुढचं पदव्युत्तर शिक्षणही घेतलेल्यांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे चाळणी आहे ती मुख्यतः रशिया, चीन, युक्रेन, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, फिलिपिन्स, बांगलादेश, नेपाळ इथून आलेल्यांसाठी.

आधी त्या टक्केवारीबद्दल. ती माणसांची नसते, त्या खेपेला बसलेल्या उमेदवारांची असते. तीनदा नापास झालेला मुलगा तीन वेगवेगळ्या निकालांत तीनदा मोजला जातो. जुने नापास दर सहा महिन्यांनी नव्यांच्या रांगेत येऊन उभे राहतात, रांग फुगते आणि टक्का घसरतो. परदेशात शिकलेल्या शंभरांपैकी अखेरीस किती जण कधी ना कधी पास होतात, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर या बातम्यांत नसतं. हे मान्य करूनही निकाल वाईटच आहे. एकूण 300 पैकी 150 गुण म्हणजे काही हिमालय नव्हे, आणि विचारलेलं असतं ते एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातलंच.

पण मग दुसरा प्रश्न आपोआप येतो. याच प्रश्नपत्रिकेला भारतातल्या एमबीबीएस झालेल्या मुलांना बसवलं तर किती पास होतील? माहीत नाही, कारण त्यांना ती कधी द्यावीच लागत नाही. इथे विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची परीक्षा आणि इंटर्नशिप झाली की पदवीचा कागद घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जायचं, फी भरायची, नोंदणी क्रमांक घ्यायचा. विद्यापीठाची परीक्षा हीच परवान्याची परीक्षा, असं आपण धरून चाललो आहोत.

जोवर विद्यापीठं मोजकी होती आणि बहुतेक महाविद्यालयं सरकारी होती, तोवर हे धरून चालणं खपत होतं. आता बघा. देशात 2014 साली एमबीबीएसच्या 51 हजारांच्या आसपास जागा होत्या, दहा वर्षांत त्या 1 लाख 10 हजारांच्या पुढे गेल्या. आपल्याकडे एकट्या ऑक्टोबर 2024 मध्ये जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोलीसह 10 सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एका दिवसात उद्घाटन झालं, एकूण 900 जागा. महाविद्यालयं हवीतच, हिंगोलीच्या मुलाने हिंगोलीत शिकावं यासारखी चांगली गोष्ट नाही. पण शरीररचनाशास्त्राचे, शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक काही फीत कापून तयार होत नाहीत.

खासगी अभिमत विद्यापीठांची गोष्ट आणखी पुढची. तिथे प्रवेश देणारी संस्था तीच, वर्षाला वीस-पंचवीस लाख फी घेणारी तीच, शिकवणारी तीच, पेपर काढणारी तीच आणि पदवी देणारीही तीच. बाहेरचे परीक्षक येतात, पण त्यांना आमंत्रण कोण देतं? नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत निदान परीक्षा घेणारा आणि फी घेणारा वेगळा असतो. अभिमतमध्ये तेवढीही फारकत नाही. एक कोटीच्या वर पैसे मोजलेल्या मुलाला ती संस्था शेवटच्या वर्षाला नापास करून बसवून ठेवेल, अशी अपेक्षा ठेवायला मोठा भाबडेपणा लागतो. आणि तपासणीचं म्हणाल, तर महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या पथकांतल्या लाचखोरीबद्दल सीबीआयने 2025 साली गुन्हा दाखल केला. त्यातले आरोप वाचावेत: कागदावरचे प्राध्यापक, तपासणीपुरते आणून झोपवलेले रुग्ण, हजेरीच्या यंत्रात फेरफार. ते अजून आरोपच आहेत, हे खरं. पण या क्षेत्रात वावरणाऱ्या एकालाही ते वाचून धक्का बसलेला मला दिसला नाही.

तर किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या पदवीवर आपला विश्वास नाही, म्हणून चाळणी. कागदावरच्या प्राध्यापकांकडून शिकलेल्या देशी पदवीवर मात्र पूर्ण विश्वास. मुलगा नीटमध्ये मागे पडला होता हाच आक्षेप असेल, तर तोही तपासून घेऊ. नीट 'पास' व्हायला 720 पैकी दीडशेच्या आसपास गुण पुरतात. तेवढ्याच गुणांचा मुलगा कोटभर रुपये असले तर अभिमतमध्ये जातो आणि तीस लाख असले तर ताश्कंदला जातो. पुढे पहिल्याला थेट नोंदणी, दुसऱ्याला 300 प्रश्न. यात गुणवत्तेचा फरक कुठे आहे, मला कोणी दाखवावा. आणि हीच व्यवस्था 2023 साली जागा रिकाम्या राहतात म्हणून नीट-पीजीचा कट-ऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणते, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण स्पेशालिस्ट व्हायला पात्र. गुणवत्तेचा बाऊ कुणासमोर करायचा आणि कुणासमोर नाही, हे ठरलेलं आहे.

या भांडणात आपण एकदा पलीकडच्या बाजूलाही होतो. आनंदीबाई जोशी 1886 साली पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना इथे कोणी परीक्षेला बसवलं नाही. मुंबई इलाख्याचा वैद्यकीय कायदा यायला 1912 उजाडायचं होतं. उलट चाळणी लागली ती इथून बाहेर जाणाऱ्यांना. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने 1930 साली भारतातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथे मोठा संताप उसळला आणि त्यातूनच 1933 चा कायदा आणि आपली मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया उभी राहिली. पुढे मान्यता परत मिळाली होती, ती 1975 मध्ये पुन्हा गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठी ब्रिटनने परीक्षा सुरू केली. तिलाच पुढे प्लॅब हे नाव पडलं. आपल्या केईएम आणि बी. जे.ची मुलं ती आजतागायत देत आली आहेत.

त्या 1930 च्या वादात वर्णद्वेष नव्हता असं कोण म्हणेल? पण त्यांच्या आक्षेपाचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा होता. प्रसूतिशास्त्राचं प्रात्यक्षिक शिक्षण अपुरं आहे, विद्यार्थ्याने स्वतः हाताळलेली बाळंतपणं पुरेशी नाहीत, असं ते म्हणत होते. आक्षेप पुस्तकी ज्ञानावर नव्हता, हातावर होता. एफएमजीई हात तपासतच नाही.

एक उदाहरण घेतो. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पोरं पटापट दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं हे दाखवून दिलं आणि आता ते पाठ्यपुस्तकात आहे. परीक्षेत प्रश्न येणार: लाल विंचवाच्या दंशावर पसंतीचं औषध कोणतं? चार पर्याय, प्राझोसिनवर खूण, एक गुण. दिल्लीच्या गौतमनगरातल्या कोचिंग क्लासमध्ये हे तीस सेकंदांत पाठ करून घेतात. पोलादपूरच्या बाजूला रात्री दोन वाजता दारात जीप थांबते तेव्हा मात्र पर्याय नसतात. सात वर्षांचं पोर घामाने निथळतंय, हातपाय गार, तोंडातून लाळ, आणि आई सांगतेय की काहीतरी चावलं, काय ते बघितलं नाही. विंचू की साप, साप असेल तर घोणस की मण्यार, फुफ्फुसात पाणी भरायला लागलंय का, इथेच औषध सुरू करून थांबायचं की रुग्णवाहिकेत घालून पुढे धाडायचं, हे पाचेक मिनिटांत ठरवायचं असतं. ते येतं ते रुग्णाच्या खाटेशी उभं राहून. आणि परदेशी शिक्षणाचं खरं दुखणं नेमकं इथे आहे.

ओशच्या नाहीतर समरकंदच्या रुग्णालयात मराठी मुलगा इंग्रजीतून शिकतो. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, एनएमसीने, नोव्हेंबर 2021 मध्ये काढलेल्या नियमांतच इंग्रजी माध्यम सक्तीचं आहे. रुग्ण बोलतो किर्गिझ, उझबेक नाहीतर रशियन. 'पोटात कुठं दुखतं, कधीपासून, जेवल्यावर वाढतं का' हे विचारायचं कसं? वॉर्डात घोळक्याने फिरायचं, शिक्षक इंग्रजीत सांगतील ते वहीत उतरवायचं, आणि संध्याकाळी हॉस्टेलवर इंडियन मेसमधली आमटी खात मोबाइलवर भारतातल्या क्लासची व्हिडिओ लेक्चर्स बघायची. रशियन नेटाने शिकणारेही असतात आणि ते चांगले डॉक्टर होऊन येतात. पण सक्ती इंग्रजीची असल्यावर भारतीयांच्या वेगळ्या तुकड्या निघतात आणि भाषा शिकण्याची निकडच उरत नाही. गंमत म्हणजे त्याच नियमावलीत दुसरी अट आहे की पदवी त्या देशात डॉक्टर म्हणून परवाना मिळण्याजोगी असली पाहिजे. तिथे परवाना हवा तर तिथल्या रुग्णाशी बोलता आलं पाहिजे, नाही का? शिवाय 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच 12 महिने इंटर्नशिप, परत आल्यावर इथे आणखी 12 महिने. हेतू वाईट नाही. पण एवढ्या अटी कागदावर तपासून झाल्या की माणसाची परीक्षा पुन्हा संगणकावरच्या चार पर्यायांतच.

कोविडमध्ये तर चीनमधल्या मुलांनी क्लिनिकल विषय पुण्यात, नांदेडात घरी बसून लॅपटॉपवर शिकले. मग युक्रेनचं युद्ध आलं आणि 18 हजारांवर विद्यार्थी परत आणावे लागले. आयोगाने परिपत्रकांमागून परिपत्रकं काढली, सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर सवलती दिल्या, दोन वर्षांची इंटर्नशिप लावली. त्यात एक गोष्ट मात्र उपयोगाची घडली. अडकलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भारतीय एमबीबीएसच्या धर्तीवर अंतिम परीक्षा देण्याची एक संधी द्यायला मार्च 2023 मध्ये सरकार न्यायालयात तयार झालं. लेखी परीक्षा केंद्रीय पद्धतीने आणि प्रात्यक्षिक नेमून दिलेल्या सरकारी महाविद्यालयांत. म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेणं अशक्य आहे, एवढी यंत्रणा आणायची कुठून, हे जे ऐकवलं जातं त्याला सरकारनेच उत्तर देऊन ठेवलं आहे.

नापासांचं पुढे काय होतं, हेही बघायला हवं. काही चौथ्या-पाचव्या अटेम्प्टला निघतात. काही नाद सोडून हॉस्पिटल मॅनेजमेंटकडे वळतात. काही कोणाच्या तरी हाताखाली विनानोंदणी 'डॉक्टर' म्हणून राबतात. आणि काहींना परिषदाच आत घेतात: चाळणी परीक्षा पास न झालेल्या 73 जणांना नोंदणी मिळाल्याच्या प्रकरणात सीबीआयने डिसेंबर 2022 मध्ये 14 राज्य वैद्यकीय परिषदांविरुद्ध गुन्हा नोंदवला. पास झालेल्यांचीही सुटका नाही. इंटर्नशिपसाठी जागा मिळेना, मिळाली तर विद्यावेतन नाही; देशी इंटर्नइतकंच वेतन द्या असं परिपत्रक असूनही हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रात्रपाळी सारखीच, सलाईन लावणारे हात सारखेच, पगाराच्या यादीत मात्र एक नाव नाही.

या सगळ्याचं औषध कायद्यात लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्याने नेक्स्ट ही एकच परीक्षा सांगितली: देशात शिकलेला असो की बाहेर, परवान्यासाठी सगळ्यांना तीच. पहिला टप्पा लेखी, दुसरा इंटर्नशिपनंतर प्रात्यक्षिक. कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांत ती सुरू व्हायची होती. मुदत वाढली. जुलै 2023 मध्ये सराव परीक्षेची तारीखसुद्धा जाहीर झाली आणि दोन आठवडे आधी सगळं पुढे ढकललं गेलं, ते अजून ढकललेलंच आहे. विरोध कोणी केला? देशी विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी. चाळणी हवीच असं ठासून सांगणारे यातलेच.

त्यांच्या एका तक्रारीत तथ्य आहे. नेक्स्टने पदवीची अंतिम परीक्षा, परवाना आणि पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी असं तिन्ही एकाच परीक्षेत कोंबलं. परवान्याला एक किमान रेघ ओलांडली की पुरे. गुणवत्ता यादीत अर्ध्या गुणाने रेडिओलॉजी जाते. दोन्ही एका पेपरात घातली की पेपर अवघड करत न्यावा लागतो आणि साधा, सुरक्षित डॉक्टर ओळखण्याचं काम मागे पडतं. पीजीची स्पर्धा वेगळी काढा, मी या मुलांच्या बाजूने आहे. पण 'आमच्या महाविद्यालयात शिकवायला माणसं नाहीत, आम्ही नापास होऊ' हा जो दुसरा युक्तिवाद आहे, तो परीक्षेविरुद्धचा नाही. परीक्षेची गरज त्याहून नेमकी कोणी मांडलेली नाही.

बाहेर काय चालतं? अमेरिकेत यूएसएमएलई ही परवाना परीक्षा तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही द्यावीच लागते. ब्रिटनने इतकी वर्षं प्लॅब फक्त बाहेरच्यांसाठी ठेवली होती. त्यांनीही 2024 पासून स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी परवाना परीक्षा आणली आणि प्लॅब तिच्याच मापाची केली. शिवाय प्लॅबच्या दुसऱ्या भागात उमेदवाराला मँचेस्टरला जाऊन रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांसमोर उभं राहावं लागतं: हकिगत घे, तपास, वाईट बातमी सांग. आपल्याकडे रुग्ण म्हणून नट आणायचीही गरज नाही, ससूनच्या ओपीडीचं दार उघडलं की झालं.

नेक्स्ट येईल तेव्हा येईल. तोवर करण्यासारखं एक काम या वर्षी होऊ शकतं आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही. लातूर-नांदेडात नीटचा निकाल लागला की हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार भरतात. 'कमी मार्क? काळजी नको!' असा फलक, पडद्यावर बर्फातली इमारत, डॉलरमधली फी, 'एफएमजीई कोचिंग मोफत', आणि मागच्या खुर्च्यांवर आकडे मांडत बसलेले, शेत विकायचं की गहाण टाकायचं ते ठरवणारे आईवडील. त्या बापाला एकच गोष्ट कळायला हवी: या महाविद्यालयातून गेल्या पाच वर्षांत किती परत आले आणि त्यांतले किती पास झाले. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे ही माहिती असतेच. पूर्वी संस्थानिहाय आकडे त्यांनी प्रसिद्धही केले होते. आयोग मात्र मान्य परदेशी महाविद्यालयांची यादी देत नाही. नियम वाचा, खात्री तुम्हीच करा, असं सांगतो. मे 2025 मध्ये बेलीझमधल्या तीन आणि उझबेकिस्तानातल्या एका महाविद्यालयात जाऊ नका, असा इशारा त्याने दिला, पण असे इशारे अपवाद. अठरा वर्षांच्या मुलाने आणि सातवी शिकलेल्या बापाने ताश्कंदच्या कॉलेजची खात्री कशी करायची? सहा वर्षांनी, सगळे पैसे संपल्यावर, संगणकाच्या पडद्यावर?

हे आकडे दर वर्षी जूनच्या आधी, मराठीतसुद्धा, माणसांच्या हिशेबाने लावा: किती गेले, किती जण पहिल्या खेपेला पास, किती तिसऱ्या, किती कधीच नाही. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची खुली करा. आज ना पेपर घरी नेता येतो, ना फेरतपासणी मागता येते. आणि पुढे कधी नेक्स्टचा पहिला निकाल लागेल, तेव्हा देशी महाविद्यालयांचे आकडेही त्याच तक्त्यात, त्याच रकान्यांत, नावानिशी छापा. तो तक्ता थांबवायला सर्वात आधी न्यायालयाची पायरी चढणारे बिश्केकचे नसतील.